‘आवृत्ती’ : एका ग्रंथसंज्ञेचा अर्थ आणि मराठीतील उपयोग

मराठी पुस्तकाच्या मुद्रणविषयक पृष्ठावर ‘सहावी आवृत्ती’ असा उल्लेख असतो, तेव्हा पुस्तक सहाव्यांदा छापले गेले एवढेच त्यातून कळते. आधीच्या पाच वेळांचाच मजकूर याही वेळी छापला आहे काय, याचा बोध होत नाही. समीक्षक आणि संशोधक मात्र याच शब्दावर विसंबून संहितेविषयी विधाने करीत असतात. प्रस्तुत लेखात या संज्ञेचा आणि तिच्यातील संदिग्धतेमुळे समीक्षेत होणाऱ्या घोटाळ्याचा विचार केला आहे.

‘आवृत्ती’ या संस्कृत शब्दाचा मूळ अर्थ पुन्हा पुन्हा करणे असा आहे. त्या अर्थाने प्रत्येक फेरछपाई ही आवृत्तीच ठरते. ग्रंथवर्णनशास्त्रातील अर्थ मात्र निराळा आहे. फ्रेडसन बॉवर्स यांनी १९४९ साली ‘प्रिन्सिपल्स ऑफ बिब्लिओग्राफिकल डिस्क्रिप्शन’ या ग्रंथात जी व्यवस्था लावून दिली, तीनुसार एकाच अक्षरजुळणीवरून केव्हाही छापलेल्या सर्व प्रती मिळून एक आवृत्ती होते. त्यांपैकी एका वेळी छापलेल्या प्रती म्हणजे एक मुद्रण. म्हणजेच आवृत्तीची ओळख छपाईच्या संख्येवरून ठरत नाही, ती जुळणीवरून ठरते. (शिळाप्रेसवर छापलेल्या आपल्या जुन्या पोथ्यांना ही व्याख्या सरळ लागू पडत नाही, कारण तेथे खिळेच नव्हते.)

खिळ्यांच्या छपाईच्या काळात या दोन अर्थांत सहसा विरोध येत नसे. फर्मा छापून झाला की खिळे सोडवून पुन्हा त्यांच्या घरांत टाकले जात. देवनागरीला जोडाक्षरे, काने-मात्रा धरून खिळ्यांचे प्रकार इतके लागत की संपूर्ण पुस्तकाची जुळणी बांधून ठेवणे सामान्य छापखान्याला परवडणारे नव्हते. त्यामुळे दुसरी आवृत्ती म्हणजे बहुधा खरोखरच नवी जुळणी, आणि तिच्याबरोबर नवे मुद्रणदोषही. ऑफसेट पद्धती आल्यावर जुन्या पृष्ठांचे छायाचित्र घेऊन तीच जुळणी पुन्हा छापता येऊ लागली, तरी आपण तिला आवृत्तीच म्हणत राहिलो. संगणकावर सारा मजकूर नव्याने जुळवला जाऊ लागला, तेव्हा त्याला ‘पुनर्मुद्रण’ म्हणण्याची प्रथाही दिसते. जे तेच आहे ते आवृत्ती आणि जे नवे आहे ते पुनर्मुद्रण, अशी ही उलटापालट आहे.

हा केवळ शब्दांचा वाद आहे असे कोणी म्हणेल. तसे ते नाही. मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२ सालच्या आणि १९७२ साली भर पडलेल्या लेखनविषयक नियमांनी अनुच्चारित अनुस्वार काढून टाकले. केशवसुतपूर्व पद्य व चिपळूणकरपूर्व गद्य मुळाप्रमाणे छापावे, त्यानंतरचे, त्या दोघांसह, नव्या नियमांनुसार छापावे, असेही ठरले. म्हणजे आपण ज्याला आधुनिक मराठी साहित्य म्हणतो, ते जवळजवळ सर्वच नव्या जुळणीत बदलून छापण्यास मान्यता मिळाली. पद्याला वृत्तासाठी ह्रस्वदीर्घाची सवलत आहे. गद्याला तसे कोणतेच संरक्षण नाही.

हा बदल वरवरचा नव्हे, हे एका उदाहरणाने दिसेल. जुन्या लेखनात ‘तीं आलीं’ म्हणजे मुले आली आणि ‘ती आली’ म्हणजे कोणी स्त्री आली. ‘तें आलें’ हे नपुंसकलिंगी एकवचन आणि ‘ते आले’ हे पुल्लिंगी अनेकवचन. नव्या लेखनात या दोन्ही जोड्या एकरूप झाल्या. मागचा संदर्भ स्पष्ट असेल तर अडत नाही. परंतु परिच्छेदाचा आरंभच सर्वनामाने करणाऱ्या कथाकाराच्या बाबतीत, त्याने नि:संदिग्धपणे लिहिलेले वाक्य संदिग्ध होऊन बसते. मग अभ्यासक त्या अनेकार्थतेचे सौंदर्य उलगडून दाखवतो, आणि ती लेखकाची असल्याची त्याची खात्री असते. प्रत्यक्षात ती मुद्रितशोधकाची असते! जुन्या फाँटमधील मजकूर युनिकोडमध्ये आणतानाही असे धोके संभवतात. ‘दऱ्या’मधला अर्धा ‘ऱ’ हरवला की ‘दर्या’ होतो, आणि डोंगरांमधून एकदम समुद्र दिसू लागतो.

प्रकाशकांकडून प्रतिसंख्या छापली जात नाही ही तक्रार रास्त आहे, पण समीक्षेच्या दृष्टीने ती दुय्यम होय. अधिक गंभीर बाब आपल्या प्रबंधांतील आहे. विवेचन १९३० च्या सुमारास प्रसिद्ध झालेल्या कादंबरीच्या भाषेचे असते, आणि अवतरणे मात्र ग्रंथालयात सापडलेल्या अलीकडच्या प्रतीतील. तळटीपेत ‘आ. सातवी’ असे लिहिले की मार्गदर्शकाचेही समाधान होते. लेखकाच्या अनुस्वारांविषयी, शब्दरूपांविषयी किंवा विरामचिन्हांविषयी अशा प्रतीवरून एकही विधान करता येणार नाही, हे विद्यार्थ्याला कोणी सांगत नाही.

अनेक मराठी पुस्तकांत मुद्रणविषयक पृष्ठावर ‘अक्षरजुळणी’ अशी ओळ असते. तिच्याकडे आपण क्वचितच पाहतो. मागील छपाईतील जुळणीकाराचे नाव बदललेले दिसले, तर ‘पुनर्मुद्रण’ असा उल्लेख असला तरी संहिता पुन्हा जुळवली गेली असावी असे समजून पहिल्या प्रतीशी ताडून पाहणे भाग आहे. निदान ज्या वाक्यांवर आपला युक्तिवाद उभा आहे, तेवढी तरी ताडून पाहावीत. आणि तळटीपेत आवृत्तीच्या क्रमांकाबरोबर छपाईचे वर्ष व अक्षरजुळणीचा उल्लेखही द्यावा.