शिकवणनिरूपण आणि घरातला पाठ : शिवथरघळीच्या ग्रंथाचा एक फेरविचार

मुलास शाळेत न घालता घरीच शिकवावे आणि शिकवताना पाठ, खेळ व उद्योग हे त्या त्या मुलाच्या प्रकृतीनुरूप बदलावेत, हा विचार अलीकडे आपल्याकडे 'गृहशिक्षण' या नावाने मांडला जातो. त्याचा उगम बहुधा परदेशात शोधला जातो. अमेरिकेत जॉन होल्ट यांनी १९७७ मध्ये या विचारासाठी स्वतंत्र नियतकालिक सुरू केले, तेथपासून कथा सुरू होते आणि मराठी वाचकाने जणू प्रथमच काही ऐकावे अशा थाटात ती सांगितली जाते. प्रस्तुत लेखाचा हेतू या विचाराचे मंडन करणे हा नव्हे, खंडन करणे हाही नव्हे. प्रत्येक मुलास त्याच्या चालीने शिकवावे हे सूत्र मराठीतील एका सर्वपरिचित ग्रंथात कोणत्या संदर्भात आले आहे, त्याचे सामर्थ्य कशात आहे आणि त्याची मर्यादा कोणती, एवढेच येथे तपासावयाचे आहे.

हा ग्रंथ म्हणजे दासबोध. वीस दशक व दोनशे समास अशी त्याची रचना आहे. महाड तालुक्यातील शिवथरच्या घळीत समर्थांनी तो सांगितला आणि कल्याणस्वामींनी लिहून घेतला, अशी परंपरा आहे. धुळ्याचे शंकर श्रीकृष्ण देव यांनी १९३० मध्ये या घळीचा शोध लावला. ग्रंथाची सर्व रचना एकाच काळी झाली किंवा कसे, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. सहाव्या दशकात कलियुगाच्या ४,७६० वर्षांचा जो निर्देश येतो त्यावरून त्या भागाचा काळ इसवी सन १६५९ च्या आसपास येतो. आपल्या विषयास ही कालचर्चा गौण आहे. महत्त्वाचे ते हे की, ग्रंथाचे रूपच मुळी गुरुशिष्यसंवादाचे आहे. शिकवणे हा त्याचा विषय आहे, त्याचप्रमाणे ती त्याची रीतही आहे.

तेराव्या दशकाचा अखेरचा समास 'शिकवणनिरूपण' या नावाचा आहे. त्यात एक ओवी अशी आहे की, जी शिक्षणविषयक व्याख्यानांतून पुन्हापुन्हा ऐकू येते. तिचा भावार्थ असा : मुलाबरोबर चालताना आपण त्याच्या चालीने चालतो, त्याच्या मनात काय आहे ते ओळखून त्याच्याशी बोलतो, तसेच लोकांना हळूहळू शिकवावे. व्याख्याते या ओवीचा पूर्वार्ध सांगून थांबतात आणि समर्थांनी बालशिक्षणाचा सिद्धान्त सांगितला असा निष्कर्ष काढतात. परंतु ओवीची घडण नीट पाहिली तर हा निष्कर्ष उलटा ठरतो. येथे मुलाचे शिक्षण हे उपमेय नाही, उपमान आहे. उपमान नेहमी श्रोत्यास आधीच ठाऊक असावे लागते. जे ठाऊक नाही ते समजावण्यासाठी त्याची योजना असते. म्हणजे लेकराच्या चालीने चालणे ही गोष्ट समर्थांना सिद्ध करावयाची नाही. ती घरोघर घडतेच, असे ते गृहीत धरतात. नवे सांगावयाचे आहे ते लोकशिक्षणाविषयी : जी रीत आई अंगणात सहज पाळते ती महंताने जनसमुदायात पाळावी.

या दिशेकडे आमच्या मते पुरेसे लक्ष गेलेले नाही. समर्थांच्या ठायी शिक्षणपद्धतीचा प्रवास घराकडून लोकांकडे होतो. आपल्या काळात तो बहुतांशी उलट झाला आहे. वेळापत्रक, घटकवार अभ्यास, कृतिपत्रिका, चाचणी ही शाळेची सामग्री घरात येते आणि तिलाच गृहशिक्षण असे नाव मिळते. शाळेत चाळीस मुलांसाठी केलेला पाठ घरी एकट्या मुलापुढे ठेवला, एवढ्याने तो त्या मुलाचा होत नाही. केवळ श्रोत्यांची संख्या कमी झालेली असते.

त्याच समासाचा आरंभ माळांच्या दृष्टान्ताने झाला आहे. पानांची, फुलांची, फळांची, बियांची, दगडांची, कवड्यांची, अशा नाना माळा असतात. पण प्रत्येक माळ चालते ती दोऱ्यावर. मूळ संदर्भ अध्यात्माचा आहे आणि तो पुसून टाकण्याचा अधिकार आपल्यास नाही. तरीही एकाच समासात आरंभी दोरा आणि पुढे मुलाची चाल यावी, ही गोष्ट वाचकास विचार करावयास लावणारी आहे. पाठ बदलावा म्हणजे काय बदलावे आणि काय बदलू नये, या प्रश्नाचे उत्तर या दोन प्रतिमा एकत्र वाचल्या म्हणजे सापडते. मणी बदलावेत, दोरा बदलू नये. वजाबाकीची कल्पना हा दोरा होय. एका मुलास ती भाताच्या पेंढ्या मोजून कळेल, दुसऱ्यास गोष्टीतून कळेल, तिसऱ्यास कागदावरचे अंकच पुरे होतील. मण्यांच्या विविधतेत रमून जो दोराच विसरतो, त्याच्या हाती माळ राहत नाही. हातात मण्यांचा ढीग राहतो. घरी शिकवणाऱ्या उत्साही पालकांच्या उपक्रमांची जी वर्णने वाचावयास मिळतात, त्यांपैकी कित्येकांत हाच दोष आढळतो.

येथे एक आक्षेप उपस्थित होतो, आणि तो ग्रंथातूनच उपस्थित होतो. एकोणिसाव्या दशकाचे नावच 'शिकवण' असे आहे व त्याचा पहिला समास लेखनक्रियेवर आहे. अक्षर वाटोळे, सरळ व मोकळे असावे, ओळी नेमक्या असाव्यात, ग्रंथाच्या पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत सर्व एकाच टाकाने लिहिल्यासारखे दिसावे, असा तेथे दंडक आहे. या दंडकात मुलाच्या चालीस जागा कोठे आहे? तसेच अठराव्या दशकाच्या अखेरीस श्रोत्यांची अवलक्षणे सांगितली आहेत. जांभया देणारा, डुलक्या घेणारा श्रोता तेथे दोषी ठरतो. निरूपण कंटाळवाणे झाले असेल ही शंका तेथे कोणी घेत नाही. मग शिकवणनिरूपणातील ती ओवी हा केवळ अपवाद समजावा काय?

पहिल्या आक्षेपाचे समाधान करता येते. लेखनाच्या समासात दंडक आहे तो निष्पन्न होणाऱ्या कामाविषयी, शिकणाऱ्याच्या वेगाविषयी नव्हे. अक्षर घोटून सुंदर करावयाचे. ते किती दिवसांत, याची अट घातलेली नाही. शिवाय त्याच समासात एक मोठी मार्मिक सूचना आहे. तरुणपणी फार बारीक लिहिलेले अक्षर म्हातारपणी उपयोगी पडत नाही, म्हणून मध्यम आकाराचे लिहावे, असे समर्थ सांगतात. आज लिहिणाऱ्या हाताबरोबर उद्याच्या वाचणाऱ्या डोळ्यांचाही विचार येथे झाला आहे. नियम कडक खरा, परंतु तो माणसाकडे पाहून केलेला आहे.

दुसरा आक्षेप मात्र सहज दूर होण्यासारखा नाही, आणि तो दूर करण्याचा अट्टाहास टीकाकाराने करू नये. शिकवणनिरूपणात मनोगत राखणे हे चातुर्याचे लक्षण म्हणून येते. ज्याला लोक जोडावयाचे आहेत, समुदाय उभा करावयाचा आहे, त्याने समोरच्याचे मन ओळखावे, वेड्यास वेडे म्हणू नये, असा तो उपदेश आहे. म्हणजे कोठे जावयाचे ते शिकवणाऱ्याने आधीच ठरविलेले आहे. शिकणाऱ्याच्या चालीने जावयाचे ते केवळ वाटेपुरते. मुलाची चाल येथे मान्य होते, मुलाची वाट मान्य होत नाही. आधुनिक बालशिक्षणाचा विचार या ठिकाणी दासबोधाच्या पुढे जातो. गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी माँटेसरीबाईंच्या विचाराला येथील रूप दिले, ते मुलाचे निरीक्षण हे शिक्षणाचे साधन मानून. काय शिकवावे याचा निर्णयसुद्धा मुलाकडे पाहून घ्यावा, असे त्यांचे म्हणणे. ताराबाईंनी १९४५ मध्ये बोर्डी येथे व १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर अनुताई वाघ यांच्यासह जे काम केले, त्यात महागड्या साधनांच्या जागी पाने, बिया, खडे, शिंपले आले. माळांच्या दृष्टान्ताची येथे कोणास आठवण व्हावी. परंतु हे साम्य वरवरचे आहे. समर्थांच्या माळेत दोरा शिकवणाऱ्याच्या हाती आहे, तर कोसबाडला मूल स्वतः ओवते.

आता हे विवेचन जेथे ग्रंथ सांगितला गेला असे मानतात त्या भूमीवर आणून पाहावे. महाड व पोलादपूर हे सह्याद्रीच्या पायथ्याशी असलेले तालुके. सावित्रीच्या खोऱ्यातील गावे एका बाजूस, वरंध आणि आंबेनळी घाटांच्या कुशीतील विखुरलेल्या वाड्या दुसऱ्या बाजूस. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि घरातला पाठ ही काही हौशी कुटुंबांची निवड न राहता सर्वांची सक्ती झाली. 'शाळा बंद, पण शिक्षण सुरू' अशी घोषणा राज्यभर झाली. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळाने रायगड जिल्हा झोडपला. २२ जुलै २०२१ रोजी महाड शहर पुराच्या पाण्यात असताना तळीये गावावर दरड कोसळली, आणि पोलादपूर तालुक्यातही दरडींनी माणसे नेली. अशा दिवसांत जो पाठ घरोघर पोचविण्याची योजना होती तो भ्रमणध्वनीवरून सर्वांना एकच जाणारा पाठ होता. डोंगरातल्या वाडीवर जेथे संपर्काची खूण उमटत नाही तेथे तो पोचणे कठीण; आणि पोचला तरी आवण काढणाऱ्या आईच्या हाताशी असलेल्या मुलीस आणि शहरातील खोलीत बसलेल्या मुलास तो एकाच चालीने चालावयास सांगत होता.

येथे दोष यंत्राचा नाही. दोष हा की, घरापाशी जे शिक्षण उपलब्ध होते त्याकडे पाठाने पाहिलेच नाही. राब भाजण्यापासून लावणीपर्यंतचा क्रम, खाचरात पाणी अडवण्याचा हिशेब, पायली आणि शेर यांतील नाते, उतारावरच्या वरकस जमिनीत नाचणी का आणि खाली भात का, या प्रत्येकात गणित, भूगोल व विज्ञान आहे. एकाच घरातील दोन भावंडांपैकी एकाला पायलीचे शेर मोजताना गुणाकार कळेल. दुसरे त्या मोजणीत रमणार नाही, पण पाणी कोणत्या बांधावरून फुटेल ते आधी सांगेल. त्याचा पाठ तेथून सुरू व्हावयास हवा. निरक्षर आजीसुद्धा हा पाठ देऊ शकते, मात्र तो पाठ आहे असे तिला कोणीतरी सांगावयास हवे. समर्थांनी जे उपमान म्हणून गृहीत धरले ते घरांत अद्याप शिल्लक आहे. आपल्या शिक्षणव्यवस्थेने ते उपमान म्हणून वापरण्याचे सोडून दिले आहे.

परंतु घराचा गौरव करताना थांबावे लागते, कारण हे महाड आहे. लेखनक्रियेच्या समासाची पहिलीच ओवी बाळबोध अक्षराचा उपदेश ब्राह्मणास उद्देशून करते. पाठ मुलाच्या चालीने द्यावा हे खरे, पण कोणाच्या मुलास? ज्या घरी अक्षर नाही आणि ज्यांना अक्षर मिळू नये अशी व्यवस्था होती, त्यांचे काय? १९२३ मध्ये सी. के. बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळाने मंजूर केला, त्यात सार्वजनिक पाणवठ्यांबरोबर सार्वजनिक शाळांचाही अंतर्भाव होता. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले ते याच हक्काच्या स्थापनेसाठी. सार्वजनिक जागा सर्वांची असते, हा महाडचा धडा आहे आणि शाळा ही अशीच जागा आहे. बाबासाहेबांचे वडील रामजी सकपाळ हे लष्करी शाळेतील शिक्षक. मुलाच्या अभ्यासाकडे त्यांनी घरी कसोशीने लक्ष दिले. त्याच मुलास साताऱ्याच्या शाळेत इतरांपासून वेगळे, गोणपाटावर बसावे लागे. घराने त्यांना जे दिले ते शाळेने नाकारले. म्हणून शाळा सोडावी असा अर्थ त्यांनी काढला नाही, शाळा बदलली पाहिजे असा काढला.

या दृष्टीने पाहता आजच्या गृहशिक्षणाच्या चळवळीस एक प्रश्न विचारणे प्राप्त आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक बालकाच्या शाळेची जबाबदारी शासनावर टाकली. घरी शिकणाऱ्या मुलास मुक्त विद्यालयाच्या परीक्षेचा किंवा दहावीसाठी १७ क्रमांकाच्या अर्जाचा मार्ग मोकळा आहे. ज्यांच्यापाशी वेळ, पुस्तके आणि शिकलेले आईबाप आहेत त्यांना हा मार्ग सुखाचा वाटेल. परंतु मुलाच्या चालीने शिकवण्याची विद्या त्यांच्याच घरात राहिली, तर लेखनक्रियेच्या त्या पहिल्या ओवीपेक्षा आपण फार पुढे आलो असे म्हणता यावयाचे नाही.

डोंगरी भागातील जिल्हा परिषदेच्या लहान शाळांत एक किंवा दोन शिक्षक चार इयत्तांना एकत्र बसवून शिकवतात. पटसंख्या कमी म्हणून अशा शाळा एकत्र करण्याचा विचार २०२३ मध्ये शासकीय पातळीवर पुढे आला. व्यवस्थापनाच्या दृष्टीने या शाळा म्हणजे अडचण. शिकवणनिरूपणाच्या दृष्टीने पाहिले तर पंधरा मुलांची, चार वयांची ही शाळा घराच्या सर्वांत जवळची आहे. प्रत्येक मुलाची चाल शिक्षकास ठाऊक आहे, आणि दार सर्वांस उघडे आहे. घराची रीत आणि सार्वजनिक जागेचा हक्क या दोहोंचा मिलाफ व्हावयाचा असेल तर तो येथेच होण्यासारखा आहे.

दासबोधाकडून आपण काय घ्यावे, याचा निर्णय यावरून करता येतो. चाल ओळखण्याची दृष्टी घ्यावी. वाट आधीच ठरविण्याचा आग्रह घेऊ नये. आणि ओवीतील प्रवासाची दिशा विसरू नये. आईच्या अंगणातून निघालेली रीत लोकांपर्यंत जावी, असे तो ग्रंथ सांगतो. ती परत अंगणात कोंडून ठेवण्यासाठी त्याचा आधार घेता यावयाचा नाही.