वाग्गेयकार कुमार गंधर्व : लोकधुनेपासून रागापर्यंत

प्रस्तावना :
कुमार गंधर्व (१९२४-१९९२) यांच्याविषयी मराठीत विपुल लेखन झाले आहे. तथापि ते मुख्यतः त्यांच्या गायकीविषयी आहे. रचनाकार म्हणून त्यांचा विचार त्या मानाने कमी झाला. रचनाकार पारखण्याचा एक निकष मराठवाड्याच्याच भूमीत सिद्ध झालेला आहे. देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाला असलेल्या शार्ङ्गदेवाने तेराव्या शतकात ‘संगीतरत्नाकर’ रचला. शब्दरचना म्हणजे ‘मातु’ आणि स्वररचना म्हणजे ‘धातु’; या दोहोंचा कर्ता तो ‘वाग्गेयकार’, असे त्यात सांगितले आहे. प्रस्तुत लेखात याच निकषावर कुमारांच्या रचनाकार्याचा विचार केला आहे.

जडणघडण :
बेळगाव जिल्ह्यातील सुळेभावी येथे जन्मलेले शिवपुत्र कोमकली बालवयातच थोर गायकांच्या ध्वनिमुद्रिका हुबेहूब गात. पुढे मुंबईत प्रा. बी. आर. देवधर यांच्याकडे त्यांचे शिक्षण झाले. क्षयाच्या आजारामुळे १९४८ मध्ये ते देवासला गेले आणि सुमारे पाच वर्षे त्यांचे गाणे बंद राहिले. या सक्तीच्या मौनात माळव्यातील स्त्रियांची गीते त्यांच्या कानी पडत राहिली. अनुकरणापासून सुरू झालेली कारकीर्द श्रवणाच्या वाटेने निर्मितीकडे वळली.

धुनउगम राग :
रागांचे मूळ लोकधुनांत आहे, ही कुमारांची धारणा होती. जोडरागात दोन प्रस्थापित रागांचा मेळ असतो. कुमारांनी मात्र धुनेतच दडलेला राग शोधला. मालवती, सहेली तोडी, लगनगंधार, संजारी, मधसुरजा हे त्यांचे राग आणि स्वतःच्या बंदिशी ‘अनूपरागविलास’ (१९६५) या ग्रंथातून प्रसिद्ध झाल्या. नॉर्वेचे रचनाकार एडवर्ड ग्रीग (१८४३-१९०७) यांनीही खेड्यातील वादकांच्या नृत्यधुना पियानोसाठी बांधल्या. परंतु तेथे धून कायम ठेवून तिला स्वरसंवादाची जोड मिळते, तर येथे धुनेचा विस्तार होऊन तिचा राग होतो.

मातुच्या अंगानेही कुमारांचे वेगळेपण जाणवते. मधसुरजातील त्यांच्या एका बंदिशीत बळी जाणाऱ्या शेळीचा, घरी एकट्या राहिलेल्या पिलासाठीचा आकांत आहे. ख्यालाच्या रूढ शृंगार-भक्तीच्या विषयांत न बसणारा हा अनुभव माळवी वळणाच्या बोलीतून येतो. येथे शब्द स्वरांना केवळ आधार देत नाहीत, तर रागाचा भाव ठरवतात.

मर्यादा :
या रागांचा प्रसार मात्र मर्यादित राहिला. कुमारांचे कुटुंबीय व शिष्य यांच्यापलीकडे ते फारसे रुजले नाहीत. राग अनेक कंठांतून गायला गेला तरच परंपरेत स्थिरावतो. त्यामुळे त्यांच्या भवितव्याचा प्रश्न खुला आहे. परंतु त्यामुळे ‘वाग्गेयकार’ ही पदवी कुमारांना नाकारता येत नाही.

निष्कर्ष :
शार्ङ्गदेवाने ‘देशी’ संगीत हे त्या त्या प्रदेशातील लोकांचे मन रमविणारे मानले. कुमारांनी ते शास्त्राच्या दारी नेले. भोकर परिसरातील अभ्यासकांसाठी यातून एक प्रश्न उभा राहतो. जात्यावरची ओवी आपण बहुधा साहित्यप्रकार म्हणून अभ्यासतो. तिचे शब्द उतरवून घेतो आणि चाल सोडून देतो. म्हणजे मातु जपतो, धातु गमावतो. घरोघरीची जाती थांबली, तशा त्या चाली जाणणाऱ्या वृद्ध स्त्रियाही विरळ होत आहेत. त्यांचे स्वर आता ध्वनिमुद्रित झाले नाहीत, तर उद्याच्या रचनाकाराला ऐकण्यासाठी काही उरणार नाही.