कमलेला कोणी विचारले?

विजय तेंडुलकरांच्या 'कमला' (१९८१) या नाटकाची चर्चा बहुधा सरितेपाशी येऊन थांबते. पत्रकार जयसिंग जाधवची ही सुशिक्षित पत्नी, बाजारातून विकत आणलेल्या एका आदिवासी स्त्रीच्या सहवासात स्वतःचेही दास्य ओळखते, असा या नाटकाचा आशय सांगितला जातो. तो चुकीचा नाही. परंतु नाटकाला जिचे नाव दिले आहे, ती या चर्चेत मागे पडते. आम्हांला येथे तिच्याकडून नाटकाकडे पाहावयाचे आहे.

नाटकामागील घटना खरी आहे. १९८१ साली 'इंडियन एक्सप्रेस'चे वार्ताहर अश्विनी सरीन यांनी एक स्त्री विकत घेऊन स्त्रियांच्या खरेदीविक्रीचा व्यवहार उजेडात आणला होता. नाटकातील जयसिंगही तेच करतो. बिहारमधील एका बाजारातून तो कमलेला अडीचशे रुपयांना घेतो, दिल्लीच्या घरी आणतो आणि पत्रकार परिषदेत उभी करतो. आपण कोठे व कशासाठी जात आहोत, हे तिला ठाऊक नसते. हा आपला नवा मालक, एवढेच तिला समजलेले असते. सरिता तिला नीट साडी देऊ पाहते, तेव्हा जयसिंग नको म्हणतो. फाटके वस्त्र हा त्याच्या दृष्टीने पुरावा असतो.

जयसिंगचा हेतू वाईट आहे, असे म्हणता येणार नाही. माणसे विकली जातात हे जगाला दिसावे, ही त्याची इच्छा खरी आहे. पण ज्या स्त्रीवर अन्याय झाला, तिचा तो अन्याय सांगण्याचा अधिकार तो परस्पर स्वतःकडे घेतो. विकणाऱ्याने तिला विचारले नाही. वाचा फोडणाऱ्यानेही विचारले नाही. पहिल्या व्यवहारात तिचे शरीर हस्तांतरित झाले, दुसऱ्यात तिची हकिकत.

पत्रकार परिषद रंगमंचावर घडत नाही, ही नाटककाराची योजना आम्हांला विशेष महत्त्वाची वाटते. कमलेला प्रेक्षकांपुढे तशा स्थितीत उभे करण्याचे तेंडुलकरांनी टाळले. मात्र परिषदेहून परतलेले जयसिंग आणि त्याचा मित्र जैन, तिला विचारलेले अश्लील प्रश्न आणि तिची भाबडी उत्तरे हसत हसत सांगतात. काकासाहेबांसारखा जुन्या वळणाचा पत्रकार अस्वस्थ होतो. येथे प्रेक्षागृहात हशा उठला, तर तो हशाही त्याच परिषदेचा भाग ठरतो. खाजगीपणाचा भंग करण्यास डोळेच लागतात असे नाही, कानही पुरतात.

कमला मुकी नाही. सरितेला तुम्ही कितीला मिळालात, असे ती सहज विचारते आणि पुढे एक व्यवस्थाही सुचवते. घरातील कष्टाची कामे व मुले आपल्याकडे, हिशेब व बाहेरचा मान सरितेकडे, मालकाच्या सहवासाचे दिवस दोघींत निम्मे निम्मे. समीक्षक याकडे सरितेला दाखवलेला आरसा म्हणून पाहतात. आमच्या मते संबंध नाटकात कमलेने स्वतःच्या आयुष्याविषयी मांडलेला हा एकमेव प्रस्ताव आहे. तो दास्यातूनच घडलेला आहे, हे उघड आहे. तो जसाच्या तसा मान्य करावा, असे कोणी म्हणणार नाही. पण तिला काय हवे, हा संवाद तेथून सुरू होऊ शकला असता. तसे होत नाही. जयसिंग तिची रवानगी आश्रमात करतो, सरितेचा विरोध मोडून काढतो, आणि कमला नाटकातून निघून जाते. तिला आपली निकड असेपर्यंत ठेवून घेतले, हा आरोप म्हणूनच काही अंशी नाटककारावरही येतो.

कायद्याने येथे एक सूक्ष्म भेद केला आहे. भारतीय दंडविधानाच्या मानवी व्यापारविषयक कलमात २०१३ साली स्पष्ट केले गेले की, हा गुन्हा ठरवताना पीडित व्यक्तीची संमती गैरलागू आहे. २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही ते तत्त्व कायम आहे. ते योग्यच आहे. असहाय माणसाचा होकार पुढे करून विकणाऱ्याने सुटू नये. परंतु संमती गैरलागू ठरते ती गुन्हेगाराच्या बचावापुरती. सुटकेनंतर कोठे राहावे, काय सांगावे, छायाचित्र द्यावे की नाही, याबाबतही तिला विचारण्याचे कारण नाही, असा अर्थ त्यातून निघत नाही. बलात्कारित स्त्रीची ओळख प्रसिद्ध करणे १९८३ च्या दुरुस्तीने गुन्हा ठरवले, तेव्हा तिच्या स्वतःच्या लेखी परवानगीची वाट मोकळी ठेवली. नाव झाकायचे की उघड करायचे, यात तिलाही शब्द राहिला. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खाजगीपणा हा मूलभूत अधिकार मानला. तो अधिकार अडीचशे रुपयांत विकल्या गेलेल्या स्त्रीलाही आहे.

'बळी' या मराठी शब्दात अन्याय सोसणारा आणि देवापुढे अर्पण केलेला, असे दोन्ही अर्थ आहेत. गुन्ह्याने कमला पहिल्या अर्थाने बळी ठरते. तिची करुणा वाटणाऱ्यांनी तिला दुसऱ्या अर्थाने बळी दिले, एका चांगल्या कार्यासाठी.

म्हणून हे नाटक आपल्या समाजानेही पुन्हा वाचावे, असे आम्हांला वाटते. आपल्या संस्थांचे वार्षिक अहवाल व स्मरणिका सोडवून आणलेल्या मुली, परित्यक्ता, व्यसनमुक्त झालेले पुरुष यांच्या छायाचित्रांनी सजतात. त्याखाली दात्यांचे आभार असतात. जयसिंग हा काही दूरचा माणूस नव्हे. पुढील स्मरणिका छापखान्यात जाण्यापूर्वी त्या छायाचित्रातील माणसाला एकदा विचारावे, आणि त्याने नको म्हटले तर ते पान कोरे सोडावे.