मोगलीच्या हातातली घागर

दिवाळीच्या सुट्टीत राहूला घरी होतो. राहू बेटात आता दिवस मावळला की पोरांना बाहेर सोडत नाहीत. उसात बिबट्या आहे. शेजारच्या शिरूर तालुक्यात पिंपरखेडला २०२५ साली बिबट्याने मुलांचे जीव घेतले, तेव्हापासून ही भीती घराघरांत येऊन बसली आहे. कोंडलेल्या पुतण्यांना घेऊन मी 'द जंगल बुक २' हा २००३ सालचा चित्रपट पाहिला. लहानपणी दूरदर्शनवरचा मोगली मी दुसऱ्याच्या ओट्याखाली उभा राहून पाहिला होता. त्याच्याविषयी मला माया आहे. या चित्रपटाने मात्र घोर निराशा केली. मुलांच्या करमणुकीची चिकित्सा हेही समीक्षेचेच काम असल्याने त्या निराशेचे कारण मांडणे आवश्यक वाटते.

डिस्नेचा पहिला चित्रपट १९६७ चा. त्याच्या अखेरीस नदीवर पाण्याला आलेल्या मुलीची घागर मोगली भरतो, उचलतो आणि तिच्यामागे गावात जातो. ज्याची जात कोणालाच ठाऊक नाही असा पोरगा घागरीला शिवतो आणि ते पाणी गावात जाते! भारतातल्या गावात यापुढे काय घडेल? दुसऱ्या भागाची सारी शक्यता या प्रश्नात होती.

दिग्दर्शक स्टीव्ह ट्रेनबर्थ या प्रश्नाच्या वाटेलाच जात नाहीत. मोगलीला आयते घर मिळते, आईबाप मिळतात, रंजन नावाचा धाकटा भाऊ मिळतो. घागरवाली शांती मैत्रीण होते. पाणवठा कोणाचा, गावकुसाबाहेर कोण राहते, याचा मागमूस नाही. वाघाच्या भीतीने बाप पोरांना नदी ओलांडू देत नाही, एवढीच एक खरी जागा. ती आमच्या पोरांनाही पटली. पुढे बल्लूचे तेच गाणे, सापाची तीच भुरळ, हत्तींची तीच कवायत. गावाचे वास्तव वगळल्यावर संघर्षच उरत नाही. मग हरलेल्या शेरखानाला पुन्हा आणावे लागते.

मूळ लेखक किपलिंग साम्राज्यवादी वृत्तीचा. आमच्याविषयी त्याला कळवळा असण्याचे कारण नव्हते. तरीही १८९४ च्या पुस्तकात त्याला जात दिसली. चिखलात रुतलेले कुंभाराचे गाढव मोगली ओढून काढतो, मडकी रचू लागतो. तेवढ्याने गाव विटाळतो आणि पुजारी त्याला झापतो. मोगली गुराखी होतो, वाघ मारतो आणि शेवटी हेच गाव त्याला दगड मारून हाकलते. किपलिंगने गाव पाहिले होते. या चित्रपटाने गावाचे फक्त रंग घेतले.

१८९५ च्या दुसऱ्या पुस्तकात तर त्याहून मोठी गोष्ट आहे. दुष्काळात वैनगंगा आटते तेव्हा जंगलात पाण्याचा तह जाहीर होतो. वाघ आणि हरीण एकाच प्रवाहावर पितात. पाणवठ्यावर शिकार करणारा मृत्युदंडास पात्र ठरतो. हीच वैनगंगा आपल्या भंडारा-गडचिरोलीतून वाहते. जनावरांच्या कथेत जो कायदा आहे, तो माणसांत प्रत्यक्ष आणण्यासाठी बाबासाहेबांना २० मार्च १९२७ रोजी महाडला चवदार तळ्याची पायरी उतरावी लागली. मोगलीच्या कथेचा खरा उत्तरार्ध या दिशेने जातो.

मुलांच्या चित्रपटात जात कशाला, असे कोणी म्हणेल. चित्रपट संपल्यावर माझ्या सात वर्षांच्या पुतण्याने विचारले, "काका, मोगलीचं घर गावात हाय का वस्तीवर?" मुलांना हे आधीच ठाऊक असते. ते ठाऊक नसल्यासारखे वागायला त्यांना असे चित्रपट शिकवतात.

आणि भीतीसुद्धा सर्वांना सारखी नसते. बिबट्याला जात कळत नाही हे खरे. पण उसाच्या फडाशेजारी पाचटाच्या कोपीत, दार नसलेल्या अंधारात, ऊसतोड्यांचीच लेकरे झोपतात. जनावरांची गोष्ट सांगायची तर त्या कोपीतून सांगता येईल. आमच्या लिहित्या मित्रांनी ती सांगावी. मोगलीच्या हातातली घागर अजून तशीच आहे. ती कोणाच्या दारात उतरवू देतात, तिथून गोष्ट सुरू करावी.