पक्क्या वहीचा अल्बम

आपल्याकडे निबंधाच्या दोन वह्या असतात, कच्ची आणि पक्की. कच्चीत खाडाखोड, बाणाने वर ओढलेली वाक्यं, मागच्या पानावर फुली-गोळा. पक्कीत तोच निबंध, पण आंघोळ करून, भांग पाडून आलेला. गेल्या काही वर्षांत बऱ्याच खासगी शाळांनी ‘डिजिटल पोर्टफोलिओ’ आणला आहे. मुलाचं वर्षभराचं लेखन एका ॲपमध्ये साठवायचं, शिक्षकांनी त्यावर शेरा द्यायचा, पालकांनी मोबाइलवर बघायचं. यातून मुलाची लेखनातली प्रगती दिसते, असा दावा असतो. मला हा दावा पटत नाही. कारण ॲपमध्ये जाते ती पक्की वही, आणि प्रगती झालेली असते कच्च्या वहीत.

मी सॉफ्टवेअर लिहितो. आमच्या धंद्यात ‘लेखनाचा माग ठेवणं’ हा प्रश्न बऱ्यापैकी सुटलेला आहे. २००५ साली लिनस टोरवाल्ड्सने लिहिलेलं गिट आज जवळपास प्रत्येक टीम वापरते, आणि त्यात कोडमधला प्रत्येक बदल राहतो. टीममध्ये नवीन आलेल्या मुलीचं काम बघायचं असेल तर मी अख्खी फाइल वाचत बसत नाही, ‘डिफ’ उघडतो. काढलेल्या ओळी लाल, घातलेल्या हिरव्या. तिला काय समजलं हे मला बहुतेक वेळा लाल ओळींवरून कळतं. तिने काहीतरी लिहिलं, ते चालणार नाही हे तिचं तिलाच उमगलं आणि तिने ते खोडलं. शिकणं म्हणतात ते यालाच.

शाळेच्या पोर्टफोलिओत लाल ओळ नसते. मराठी लेखन अजून हातानेच होतं, म्हणून त्यात पानाचे फोटो असतात. फोटोत शोधता येत नाही, मागची आवृत्ती नसते, दोन मसुदे शेजारी ठेवून बघायची सोय नसते. जूनचा निबंध, सप्टेंबरचा निबंध, जानेवारीचा निबंध. तिन्ही स्वच्छ. अक्षर सुधारलंय एवढं नक्की कळतं.

माझी भाची सहावीत आहे. तिच्या पोर्टफोलिओत ‘माझी आजी’ हा निबंध आहे. आजी प्रेमळ आहे, आजी गोष्टी सांगते, आजीच्या हातच्या पुरणपोळीला तोड नाही. खाली हिरवी बरोबरची खूण आणि ‘छान!’. कच्ची वही तिने मला सहज दाखवली. तिथे पहिलं वाक्य होतं, ‘आजी आता मला ओळखत नाही.’ त्यावर एकच रेघ, फार जोरात न मारलेली. मी विचारलं, का खोडलंस? ती म्हणाली, ‘मामा, ते ॲपवर आई बघणार ना.’

अकरा वर्षांच्या मुलीने आपला वाचक कोण हे ओळखलं, आणि त्याला न दुखावणारा मजकूर लिहिला. लेखनाचं कौशल्य म्हणून हे थोडंथोडकं नाही, पण त्याची नोंद कुठेही नाही. उरला तो बाजारात मिळणाऱ्या निबंधांच्या पुस्तकातला निबंध.

पोर्टफोलिओ ही काही ॲपवाल्यांची कल्पना नाही. अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्याने १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला चौथी आणि आठवीच्या मुलांसाठी राज्यभर पोर्टफोलिओ आणले, लेखनाचे आणि गणिताचे. कागदी फोल्डर, त्यात मुलाने निवडलेला एक ‘सर्वोत्तम’ तुकडा आणि बाकीचं लेखन. रँड या संशोधन संस्थेने त्याचा अभ्यास केला तेव्हा दिसलं की एकाच फोल्डरला दोन तपासनीस देत असलेले गुण फारसे जुळत नाहीत. म्हणजे त्या गुणांवरून शाळांची तुलना करणं धोक्याचं. पण त्याच काळात अनेक शिक्षकांनी सांगितलं की फोल्डरमुळे आमची शिकवण्याची पद्धत बदलली. केंटकीने तर १९९०च्या कायद्यानंतर हे गुण थेट शाळांच्या जबाबदारीशी जोडले, आणि २००९ साली कायदा बदलून त्यातून बाहेर काढले. मला यातून दिसतं ते असं, की मुलाचं लेखन वाचायला शिक्षकाला भाग पाडलं तर पोर्टफोलिओचा उपयोग होतो. आकडा काढायला वापरला की गडबड सुरू.

आपल्याकडे हा प्रयोग वेगळ्या नावाने होऊन गेला आहे. शिक्षण हक्क कायद्यानंतर महाराष्ट्रात २०१० पासून सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं. शिक्षकांनी प्रत्येक मुलाबद्दल वर्णनात्मक नोंदी लिहायच्या: विशेष प्रगती, आवड व छंद, सुधारणा आवश्यक. कागदावर उत्तम कल्पना. झालं काय? इयत्तेनुसार, विषयानुसार तयार नोंदींच्या पीडीएफ निघाल्या, त्या व्हॉट्सॲपवर फिरल्या, आणि ‘स्वतःच्या शब्दांत वर्णन करतो’ हे वाक्य असंख्य मुलांच्या नावापुढे दुसऱ्याच कुणाच्या शब्दांत लिहिलं गेलं. (विनोद म्हणून हे मला अजून पुरतं.) यात शिक्षकांना हसण्यात अर्थ नाही. जनगणना, निवडणूक, ऑनलाइन माहिती भरणं, सगळं त्यांच्याच गळ्यात.

हिशोब करून बघा. कायद्याप्रमाणे सहावी ते आठवीला ३५ मुलांमागे एक शिक्षक. समजा मराठीच्या बाईंकडे अशा तीन तुकड्या आहेत, म्हणजे १०५ मुलं. एका निबंधाला पाच मिनिटं दिली तरी एका फेरीला पावणेनऊ तास. मागचा निबंध उघडून तुलना करायची तर दुप्पट. ही पाच मिनिटं कोणत्याही ॲपने वाचवलेली नाहीत. उलट फोटो काढणं, अपलोड करणं आणि ‘पेंडिंग’चा लाल आकडा शून्यावर आणणं ही कामं वाढली. ‘छान!’ हा शेरा तिथूनच येतो.

तरी कंपन्या असलीच ॲप्स का बनवतात, हे मला आतून माहीत आहे. ॲप वापरतं मूल आणि पैसे देते शाळा. डेमोच्या वेळी खुर्चीत मुख्याध्यापक असतात, आणि त्यांना लागतो चढत जाणारा आलेख. खोडलेल्या वाक्याचा आलेख निघत नाही. शब्दसंख्येचा निघतो.

मग कच्ची वहीही अपलोड करायची का? अनेकांना हेच उत्तर सुचेल, आणि चॅटजीपीटी आल्यापासून ‘निबंध मुलानेच लिहिलाय का’ हे तपासायला मसुद्यांचा इतिहास मागायची टूम निघालीच आहे. मला याची जास्त धास्ती वाटते. कच्ची वही कच्ची राहते ती कुणी बघत नाही म्हणून. भाचीने ते वाक्य निदान तिथे तरी लिहिलं. तिथेही आई आणि बाई बघणार असतील तर ते मनातच खोडलं जाईल. डेटा संरक्षणाच्या २०२३च्या कायद्यातही अठराखालच्या मुलांच्या माहितीसाठी संमती असते पालकांची. आणि इथे तर बघणारे पालकच आहेत.

डिजिटल साठवणीचा एक खरा फायदा मी मान्य करतो. बीडहून ऊसतोडीला सहा महिने जाणाऱ्या घरातल्या मुलाची वही वाटेत हरवते आणि नव्या शाळेत त्याला पुन्हा शून्यापासून मोजतात. त्याचं लेखन त्याच्याबरोबर गेलं तर फरक पडेल. गंमत म्हणजे हे ॲप त्या मुलापर्यंत पोचतच नाही. ते पोचतं जिथे वह्या कपाटात नीट रचलेल्या आहेत तिथे.

तांत्रिकदृष्ट्या मला हवी असलेली गोष्ट अवघड नाही. मसुदे साठवा, पण ते आपोआप कुणालाही दिसू देऊ नका. कोणता मसुदा कुणाला दाखवायचा हे मुलाने ठरवायचं. पुसून टाकायचं बटण मुलाकडे, आणि पुसलेलं खरोखर पुसलेलं. पालकांना नोटिफिकेशन नाही. वर्षातून दोनदा बाईंनी आणि मुलाने शेजारी बसून त्याने निवडलेले दोन मसुदे वाचायचे, दहा मिनिटं, आणि तेवढा वेळ वेळापत्रकात छापलेला. १०५ मुलांचे वर्षाला ३५ तास होतात. पहिल्या चार गोष्टी दोन जणांची टीम एका महिन्यात करून देईल. पस्तीस तास शाळेलाच काढावे लागतील.