समतोलाची परिभाषा आणि कसाऱ्याची ‘चक्कर’

अंतर्कर्णाच्या संतुलन-संशोधनाला १९६० मध्ये स्थापन झालेल्या बारानी सोसायटीने परिषदांचे व्यासपीठ दिले. तिच्या समितीने २००९ मध्ये लक्षणांचे चार गट केले. स्वतः हलत असल्याचा खोटा भास आणि तशा भासाविना बिघडणारे अवकाशभान यांत भेद केला. भेद मोलाचा आहे. परंतु तो रुग्णाच्या शब्दांवर उभा आहे. कसारा परिसरात या दोन्हींना, शिवाय उपाशीपोटी येणाऱ्या अंधारीलाही, ‘चक्कर’च म्हणतात. परिणामी कानातील स्फटिक सरकलेल्या रुग्णाला केवळ शक्तीचे औषध मिळण्याचा संभव राहतो; एप्ली यांनी १९९२ मध्ये मांडलेली, यंत्राविना करता येणारी क्रिया दूरच राहते. गरगरणे, भोवळ, तोल जाणे हे भेद मराठीत आहेत. ते विचारले जात नाहीत. बोलीतील लक्षणशब्दांची नोंद ही या परिभाषेची पूर्वअट मानावी लागेल.