अणुऊर्जा : शाप, वरदान आणि विज्ञानशिक्षक

‘अणुऊर्जा – शाप की वरदान?’ हा विषय आपल्या शाळांतील निबंध व वक्तृत्व स्पर्धांत वर्षानुवर्षे ठाण मांडून बसला आहे. तो निवडणारे आणि त्याला गुण देणारे पुष्कळदा विज्ञानाचेच शिक्षक असतात. आमची तक्रार या विषयाच्या मांडणीबद्दल आहे. प्रश्न असा विचारला की विद्यार्थी आधी बाजू निवडतो आणि मग मुद्दे गोळा करतो. विज्ञानाची रीत नेमकी उलट आहे.

शिक्षकांशी बोलताना आम्हाला दोन भूमिका ठळकपणे दिसतात. पहिली : तारापूर येथे १९६९ साली देशातील पहिले अणुवीजकेंद्र सुरू झाले, ती राष्ट्राच्या प्रगतीची खूण, शंका घेणारा तो अडाणी. दुसरी : अणू म्हणजे हिरोशिमा, अणुभट्टी म्हणजे केव्हाही फुटणारा बॉम्ब. दोन्ही भूमिकांत एक साम्य आहे. दोन्हींत आकडे नाहीत.

दुसरी भूमिका आधी तपासू. बॉम्बसाठी युरेनियम-२३५ चे प्रमाण सुमारे ९० टक्के ठेवतात. निसर्गात ते ०.७ टक्के असते. आपल्या जड पाण्याच्या भट्ट्या त्यावरच चालतात. इतर बहुतेक भट्ट्यांना ३ ते ५ टक्के पुरते. अशा इंधनाचा अणुबॉम्बसारखा स्फोट होऊ शकत नाही. किरणोत्साराचेही तसेच. निसर्गातूनच माणसाला जागतिक सरासरीने वर्षाला सुमारे २.४ मिलिसीव्हर्ट मात्रा मिळते. तेव्हा ‘किरणोत्सार आहे का?’ हा प्रश्न अपुरा, ‘किती आहे?’ हा खरा.

मग पहिली भूमिका बरोबर ठरते का? तीही नाही. १,००० मेगावॉट वीज देणाऱ्या भट्टीत सुमारे ३,००० मेगावॉट उष्णता निर्माण होते. शृंखला अभिक्रिया थांबवली, तरी त्या क्षणी त्यातील ६ ते ७ टक्के, म्हणजे जवळजवळ २०० मेगावॉट, निर्माण होतच राहते. कारण विखंडनातून तयार झालेल्या द्रव्यांचा ऱ्हास कोणालाच थांबवता येत नाही. मार्च २०११ मध्ये फुकुशिमा येथील चालू भट्ट्या भूकंप होताच आपोआप बंद झाल्या होत्या. पण त्सुनामीने वीज गेली, इंधन थंड ठेवणारी यंत्रणा बंद पडली आणि तीन भट्ट्यांतील इंधन वितळले. लाखाहून अधिक लोकांना घरे सोडावी लागली. ‘पूर्ण सुरक्षित’ असे वर्गात सांगणारा शिक्षक हे भौतिकशास्त्रच वगळतो.

आता जैतापूरचा नियोजित प्रकल्प घ्या : प्रत्येकी १,६५० मेगावॉटच्या सहा भट्ट्या, एकूण ९,९०० मेगावॉट. समुद्रात सोडलेल्या गरम पाण्याने मासळीचे काय होईल, असे तिथले मच्छीमार विचारतात. अनेक सुशिक्षितांना हा अज्ञानाचा विरोध वाटतो. वस्तुतः हा उष्मागतिकीचा उत्तम प्रश्न आहे. भट्टीतील उष्णतेचा जेमतेम तिसरा हिस्सा विजेत बदलतो. उरलेली उष्णता, म्हणजे विजेच्या सुमारे दुप्पट, समुद्रात जाणार. हे गणित दहावीचा विद्यार्थी करू शकतो. मासळीवरील परिणाम सांगायला मात्र समुद्रातील मोजमापे हवीत. आणि वीज एकाला, नुकसान दुसऱ्याला, हे योग्य की अयोग्य, याचे उत्तर कोणत्याही उपकरणावर मिळत नाही. ते समाजाने ठरवायचे असते.

या तीन प्रकारच्या प्रश्नांतील फरक दाखवणे, हे विज्ञानशिक्षकाचे काम आहे असे आम्ही मानतो. त्याला स्वतःचे मत असावे. ते त्याने सांगावेही, पण आकडेमोड झाल्यावर आणि मत म्हणून. कोळशाच्या विजेचा धूर, राख व कार्बन डायऑक्साइड यांनाही त्याने हीच कसोटी लावावी.

निबंधाचा विषय बदलणे तर सहज शक्य आहे. ‘शाप की वरदान’ऐवजी विचारावे : ‘तुमच्या गावाजवळ अणुवीजकेंद्र येणार आहे. जनसुनावणीत कोणते पाच प्रश्न विचाराल, आणि त्यांची उत्तरे कशी तपासाल?’ कोकणातील काही मुलांवर ही वेळ खरोखरच येणार आहे. त्यांच्या हाती घोषणा नव्हे, प्रश्न असावेत.